सीपीयूचा डबा कुणी उघडायचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी आमच्या केंद्रातला संगणक सुरूच होईना. बटण दाबलं की आतला पंखा फिरायचा, तीनदा बीप-बीप व्हायचं आणि पडदा काळा तो काळाच. पुण्यातल्या एका वस्तीत आमच्या संस्थेचं समुपदेशन केंद्र आहे. मारहाणीला, छळाला कंटाळलेल्या बायका तिथे येतात, बसतात, बोलतात. त्या संगणकात नऊ वर्षांच्या नोंदी होत्या. कोण कधी आली, काय म्हणाली, अंगावरच्या वळांचे फोटो, आणि सध्या ती कुठे राहते तो पत्ता. जो पत्ता नवऱ्याला कळू नये म्हणून आम्ही जिवाचं रान करतो, तोच.

मी नेहमीच्या दुकानदाराला फोन केला. "मॅडम, मशीन दुकानात पाठवून द्या, दोन दिवसांत करून देतो," तो म्हणाला. मी डबा रिक्षात घालायला निघाले. तेव्हा वस्तीतली एक मुलगी आईबरोबर कुठल्याशा दाखल्यासाठी केंद्रात आली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, यात सगळ्या बायकांचं आहे ना? असंच पाठवणार?"

मी डबा खाली ठेवला. खरं सांगायचं तर नऊ वर्षांत हा संगणक तीनचार वेळा तरी त्या दुकानात मुक्कामाला जाऊन आला होता, आणि हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. कागदी फायलींच्या कपाटाला आम्ही कुलूप लावतो, किल्ली माझ्या पर्समध्ये असते. एम.एस.डब्ल्यू.च्या परीक्षेत गोपनीयतेच्या तत्त्वावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. आणि तरी सगळ्या कपाटाचं कपाट मी रिक्षात घालून परक्याच्या हवाली करत होते. त्या दुकानदाराने कधी काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. त्याने काय केलं आणि काय नाही, हे कळायला माझ्यापाशी काही मार्गच नव्हता, एवढंच म्हणते.

"मी बघू का?" मुलीने विचारलं. तिने वायर काढली, हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून टेबलावर ठेवल्या, डब्याच्या पत्र्याला क्षणभर हात लावला (अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून, हे तिने मला मागाहून सांगितलं) आणि बाजूचं झाकण सरकवलं. आत धुळीचा लोकरीसारखा थर, एका कोपऱ्यात मेलेलं झुरळ. तिने बोटभर रुंदीची एक पट्टी खटकन उपटली. "ही रॅम. दमट हवेनं हिचे पाय काळे पडतात." मग दप्तरातला साधा पांढरा खोडरबर काढून तिने ते सोनेरी पाय घासले, फडक्याने पुसले, पट्टी परत दाबून बसवली. बटण दाबलं, एकदाच बीप झालं आणि पडदा उजळला. वीस मिनिटं लागली असतील. दुकानदार याच कामाचे किती घेत होता ते मी नंतर वहीत पाहिलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

त्या मुलीचं नाव इथे देत नाही, तिला ते नको आहे. ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संगणकशास्त्र. आई कचरावेचक. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून जी कुटुंबं पुण्याला आली त्यांतलं हिचं आजोळ. आई कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची सभासद आहे. १९९३ साली उभ्या राहिलेल्या या कचरावेचकांच्या संघटनेची ओळख आपल्यापैकी बहुतेकींना करून द्यायला नको. मुलीच्या हाती पहिला संगणक लागला तो आईच्या भंगारातून. कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला डबा आई विकायला निघाली होती. आईला त्या डब्याचं अर्थशास्त्र पाठ: पत्रा किती निघेल, तारेत तांबं किती, बोर्डाला वेगळा भाव. मुलगी तेव्हा आठवीत होती. "आई, विकू नको, मी चालू करून बघते," म्हणाली. आईने आठ दिवसांची मुदत दिली. तो काही चालू झाला नाही, आणि नवव्या दिवशी भंगारात गेला. पण तोवर मुलीने त्याचे सगळे स्क्रू काढून परत लावले होते. चालू झाला तो तिसरा. दोन मेलेल्या डब्यांचे भाग एकत्र करून तिने एक जिवंत केला.

मी तिला एकदा विचारलं, रोज काय काय येतं तुझ्याकडे? ती हसायला लागली. शेजारच्या काकूंचा संगणक दर वेळी वीज गेली की २००९ सालात जाऊन बसायचा, आणि तारीख चुकली की सरकारी संकेतस्थळं उघडत नाहीत, म्हणून काकूंच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला होता. आतला रुपयाएवढा गोल सेल संपला होता, बस्स. एका शिकवणीवाल्या बाईंचा संगणक दुपारी बारानंतर आपोआप बंद व्हायचा. पत्र्याच्या खोलीत ऊन चढलं की आतला मुख्य प्रोसेसर तापे, कारण त्याच्यावरचा लेप वाळून भुकटी झाला होता. एकीच्या डब्यात मुंग्यांनी वारूळच केलं होतं. पॉवर सप्लायची पेटी मात्र ती कधी उघडत नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात काही वेळ झटका बसण्याइतका विजेचा साठा राहतो. ती पेटी आख्खी बदलायची असते. हे सांगताना तिचा चेहरा एकदम गंभीर झाला, जशी आई तिला फुटक्या काचेबद्दल बजावत असेल तसा.

बांगड्यांचं प्रकरण घरात बरंच गाजलं. काच फुटून तिचा कण बोर्डावर पडतो, धातूची बांगडी नको तिथे टेकली तर बोर्ड जळतो, म्हणून काम करताना हात मोकळे लागतात. ही सकाळी उतरवायची ते रात्रीपर्यंत घालायचं विसरायची. आजीला ते खपेना. कुमारिकेने असे भुंडे हात घेऊन हिंडायचं? मोकळ्या मनगटाचा अर्थ आपल्याकडे काय लावतात ते मी सांगायला नको. तिच्या भावानेही याच घरात मोबाइल दुरुस्तीचा क्लास केला. त्याला पैसे भरून पाठवलं होतं, त्याने दोन महिन्यांत सोडला. त्याच्या मनगटाकडे कुणी पाहिलं नाही.

बाजाराचा अनुभव वेगळाच. सुटे भाग घ्यायला ती बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत जाते. पहिल्या काही खेपांना दुकानदार विचारायचे, "कुणी पाठवलंय? चिठ्ठी आणलीय का?" एकदा बरोबर वर्गातला मुलगा होता. हिने कुठली रॅम हवी ते नीट सांगितलं, दुकानदाराने ऐकून घेतलं आणि त्या मुलाला विचारलं, "किती जीबीची पाहिजे?" मुलाला ठाऊक नव्हतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतही तेच. डबा उघडायची वेळ आली की साहाय्यक हाक मारतो, "ए, दोघं मुलगे या रे इकडे." मुली वहीत मदरबोर्डची आकृती काढतात. फार सुंदर काढतात, रंगीत पेन्सिलींनी.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

कॉलेजच्या वसतिगृहातल्या मुली आपले लॅपटॉप हिच्याकडे आणतात. दुकान दोन मिनिटांवर आहे, तरी. एका मुलीने आपला बिघडलेला लॅपटॉप चार महिने ट्रंकेत ठेवला होता. प्रकल्प मैत्रिणीच्या लॅपटॉपवर केला, एका विषयात नापास झाली, पण दुकानात दिला नाही. आधी एकदा दिला होता, आणि नंतर त्या दुकानातल्या पोराने तिला निरोप पाठवला होता. तिचा पोहण्याच्या पोशाखातला फोटो त्याच्याकडे कसा आला, हे तिला बरोबर कळलं. तिने घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शिक्षण थांबलं असतं, अशी तिची खात्री होती. आणि मैत्रिणींनो, मीही तिला "नाही गं, तसं काही होणार नाही" असं छातीवर हात ठेवून म्हणू शकले नाही.

हे एका पोराच्या दुष्टपणावर ढकलून मोकळं होता येत नाही. २००८ साली हाँगकाँगमध्ये एका नटाने दुरुस्तीला दिलेल्या लॅपटॉपमधून खाजगी छायाचित्रं बाहेर पडली. दुरुस्ती करणाऱ्याला पुढल्या वर्षी शिक्षा झाली, पण त्या फोटोंतल्या अभिनेत्रींना जे भोगावं लागलं ते कुठल्या कोर्टात मोजलं गेलं? कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली मुद्दाम नोंद ठेवणारे लॅपटॉप सोळा दुकानांत दुरुस्तीला दिले. सहा ठिकाणी कारागिरांनी आतलं खाजगी चाळलं, त्यांतल्या दोन ठिकाणी तर उतरवूनही घेतलं. लॅपटॉप बाईचा आहे असं दिसलं की डोकावणं जास्त. बिघाड असा होता की दुरुस्तीसाठी फायली उघडायचं काही कारणच नव्हतं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. मालकाच्या परवानगीवाचून संगणकातली माहिती उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ४३व्या कलमात बसतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर ६६व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "ताई, तक्रार करायची तर तो फोटो पोलिसांना दाखवावा लागेल ना?" कौटुंबिक हिंसेच्या कामात असल्या प्रश्नांपुढे आपण शेकडो वेळा उभ्या राहिलो आहोत. कायदा लागतोच, पण तो घटना घडून गेल्यावर येतो.

आमच्या मुलीने काढलेला उपाय फार साधा आहे. तिच्याकडे लॅपटॉप आणला की मालकिणीने शेजारी बसायचं. पासवर्ड मालकिणीनेच घालायचा. शक्य असेल तिथे स्क्रू ड्रायव्हरसुद्धा तिच्याच हातात. दुकानात द्यायची वेळ आलीच तर आधी आतली डिस्क काढून घरी ठेवायची. बऱ्याच यंत्रांत ती काढायला दोनचार स्क्रू पुरतात. बॅटरी किंवा पंखा बदलायला पासवर्ड लागत नाही, मागितला तर का म्हणून विचारायचं. 'डिलीट' केलेला फोटो लगेच पुसला जात नाही, यादीतून फक्त त्याचं नाव जातं. हे ऐकून आमच्या बैठकीत एकदम शांतता पसरली होती. मी तिला विचारलं, "आणि तुझ्या हातात इतक्या जणींचं खाजगी येतं त्याचं काय?" ती म्हणाली, "म्हणून तर शेजारी बसवते. माझ्यावर तरी विश्वास कशाला ठेवायचा?"

हे सगळं मी एका संयुक्त बैठकीत मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "अगं, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तेहतीस टक्के बायकांनीच कधीतरी इंटरनेट वापरलेलं, पुरुषांपैकी सत्तावन्न टक्क्यांनी. जिथे यंत्रच हातात नाही तिथे दुरुस्ती कसली काढतेस?" त्यांचा आकडा बरोबर आहे. पण गरीब घरात, मुलीच्या वाट्याला, यंत्र येतं ते जुनं, दुसऱ्याने वापरलेलं, लवकर बिघडणारं. मुलाचं बिघडलं तर त्याच आठवड्यात दुकानात जातं. मुलीचं बिघडलं तर "बघू पगार झाल्यावर", आणि ते फडक्याखाली झाकून पडतं. शेजारच्या काकूंच्या मुलीची शिष्यवृत्ती एका गोल सेलापायी जाणार होती. तेव्हा कुणाच्या हातात यंत्र आहे हे मोजताना कुणाचं यंत्र चालू आहे हेही मोजायला हवं.

आणि आपण संस्थांनी काय केलं? आधी शिवणाचे वर्ग, मग पापड-लोणची, मग एम.एस.-सी.आय.टी. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण बाईला संगणकासमोर खुर्चीवर बसवलं की आपलं काम झालं, असं आपण धरून चाललो. मागे मी एका आयटीआयत गेले होते. 'कोपा'च्या, म्हणजे संगणक चालक आणि प्रोग्रामिंग सहायकाच्या वर्गात मुलीच मुली. समोरच हार्डवेअरचा वर्ग, त्यात दोन मुली, मागच्या बाकावर. चालवायला मुली, उघडायला मुलगे. शिक्षक म्हणाले, "मुली मागतच नाहीत." मुलींशी बोलल्यावर कळलं की अर्ज भरतानाच घरच्यांनी सांगितलं होतं, ऑफिसात बसायचं काम बघ.

याच चळवळीत हे आधी घडून गेलं आहे, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या कार्यक्रमात दलित आणि कोल आदिवासी बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरायचं बाईने, पंप बिघडला की मैलोगणती चालायचं बाईने, आणि पाना मात्र पुरुष मिस्त्रीच्या हातात, हे त्यांना पटेना. अक्षरओळख नसलेल्या त्या बायकांनी जड पाइप वर ओढून काढले, वायसर बदलले. त्या काळात आपल्या शिबिरांतून त्यांची उदाहरणं दिली जात. मग संगणक आला तेव्हा पान्याचा प्रश्न आपण कसा विसरलो? बहुधा हे यंत्र आपल्याला शिकलेल्यांचं वाटलं, स्वच्छ वाटलं. पंप म्हणजे मजुरी आणि संगणक म्हणजे नोकरी.

खरं तर संगणकाच्या पोटात हात घालणाऱ्या पहिल्या माणसांत बायका होत्या. अमेरिकेत १९४६ साली लोकांपुढे आलेल्या एनिॲक यंत्राला काम नेमून देणाऱ्या सहा जणी होत्या: कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बिलास आणि रूथ लिक्टरमन. सुरुवातीला यंत्राच्या खोलीत जायची परवानगी नव्हती, तेव्हा नकाशांवरूनच त्या यंत्र शिकल्या. पुढे सुमारे अठरा हजार नळ्यांपैकी नेमकी कुठली नळी गेली इथपर्यंत त्या बिघाड शोधू लागल्या. यंत्राचं जाहीर कौतुक झालं त्या दिवशी रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण त्यांना नव्हतं. आजही यंत्रांची जोडणी करणारे हात मोठ्या प्रमाणात बायकांचेच आहेत. तमिळनाडूत श्रीपेरुम्बुदूरजवळ फोन जोडणाऱ्या बायकांनी डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहातल्या अन्नातून विषबाधा झाल्यावर महामार्ग अडवला होता, ते आठवत असेल. कारखान्यात बाईची बोटं नाजूक आणि कामाची, आणि दुकानात मात्र "हे तुम्हाला नाही जमायचं, मॅडम".

आता पैशाची गोष्ट. ही आमची लाज आहे, ती लपवणार नाही. पाच महिने ती मुलगी केंद्रात येत होती. चारी संगणक तिने साफ केले. विंडोज दहाला कंपनीकडून मिळणाऱ्या मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या, नवी आवृत्ती आमच्या दोन जुन्या यंत्रांवर बसेना, तेव्हा तिथे तिने लिनक्स घातलं. जुने अहवाल श्री-लिपीत होते, ते उघडले की चिन्हांचा भाजीपाला दिसायचा. तेही तिने बसून युनिकोडमध्ये आणले. आम्ही तिला चहा दिला, पोहे दिले, वर्धापनदिनाला टाळ्या वाजवून कौतुक केलं, 'आमची मुलगी' म्हणालो. सहाव्या महिन्यात तिने वहीचा कागद पुढे केला. तारीखवार कामं आणि खाली बेरीज: दोन हजार चारशे रुपये.

आमच्या बैठकीत कुजबुज झाली. एकजण म्हणाल्या, तिच्या अकरावीची फी आपणच भरली होती ना? मी खर्चाची वही काढली. दुकानदाराला एकाच खेपेचे अठराशे दिले होते, आणि त्यावर माझीच सही होती, कसलीही चर्चा नव्हती. घरकामाचं मोल या विषयावर आम्ही शिबिरं घेतो. त्याच खोलीत बसून आम्ही एका मुलीच्या कामाला माया समजून बसलो होतो. पण या प्रसंगात मला सगळ्यांत जास्त बोललं ते तिच्या आईने. "ताई, आधी आमी बी गल्ल्यातला कचरा फुकटच उचलायचो. तवा कुणी नावानं हाक मारत नव्हतं. घरटी पैसं ठरलं, तवापासनं ताई म्हनत्यात."

पैसे दिले. हिशेबात कुठल्या सदरात घालायचे यावर पाच मिनिटं गेली. 'मानधन' नको म्हणाली ती. 'दुरुस्ती व देखभाल' या सदरात घातले, ज्यात दुकानदाराचे घालायचो.

आता दर शनिवारी दुपारी केंद्रात ती वर्ग घेते, तासाचे पैसे ठरवून. पहिल्या दिवशी पाच मुली आल्या, शिवाय आमच्या केंद्राची झाडलोट करणाऱ्या मावशी, वय बावन्न. मावशींनी पदर खोचला, बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या आणि पहिला स्क्रू त्यांनीच फिरवला. तासाभरात आतलं सगळं टेबलावर मांडलं गेलं, धूळ झाडली, परत जागच्या जागी बसवलं. डबा बंद केल्यावर पाहतो तर टेबलावर एक स्क्रू उरलेला. "कुठला हाय ह्यो?" मावशी म्हणाल्या, आणि सगळ्या जणींनी झाकण पुन्हा काढलं.